काडातली साखर, बुरशीचं आम्ल

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले होते, की पिकांच्या काडाकचऱ्यावर बुरशी वाढवून सायट्रिक ॲसिडसारखी रसायनं मिळवता येतात. एवढं एकच वाक्य. पण त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं 'वाचकांचे प्रश्न' हे सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मला याचा मनापासून आनंद झाला. नोकरीची ३१ वर्षं मी किण्वनाच्या, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून पदार्थ बनवून घेण्याच्या, प्रयोगशाळेत आणि टाक्यांच्या आसपास काढली आणि त्यातली बहुतेक बुरश्यांच्या संगतीत गेली. या विषयावर मला कुणी आपणहून विचारलं असं फारसं झालं नव्हतं.

काडात साखर आहे, बुरशीला साखर लागते आणि काड तर शेतात पडलेलंच असतं. मग सायट्रिक ॲसिडचे मोठे कारखाने मळी आणि स्टार्चच का वापरतात?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सात जणांनी विचारलाय, म्हणून आधी हाच घेते.

जगात वर्षाला २० लाख टनांहून जास्त सायट्रिक ॲसिड बनतं आणि ते जवळजवळ सगळं ॲस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीकडून करून घेतलं जातं. तिला खायला मिळते ती मळी, नाहीतर मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून काढलेलं ग्लुकोज. काड नाही. तुमची शंका रास्त आहे.

स्टार्च हीसुद्धा ग्लुकोजची माळ आणि सेल्युलोज हीसुद्धा ग्लुकोजचीच माळ. फरक आहे तो मणी कसे ओवलेत यात. दाण्यातला स्टार्च रोपाने उद्याच्या अंकुरासाठी साठवलेला असतो, म्हणजे तो सोडवता यावा अशाच बेताने बांधलेला असतो. काडातल्या सेल्युलोजचं काम वेगळं आहे. त्याला वाऱ्यापावसात ताट उभं धरायचं असतं. त्याच्या माळा सरळ असतात, एकमेकींना घट्ट चिकटून त्यांच्या जुड्या बनतात आणि त्या जुड्यांत पाण्यालाही सहजासहजी शिरता येत नाही. या जुड्यांभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं असतं. त्यात मुख्यतः झायलोज ही पाच कार्बनची साखर असते. या सगळ्याच्या फटी लिग्निनने बुजवलेल्या असतात, विटांमधल्या गिलाव्यासारख्या. लिग्निन ही साखर नव्हेच. ते बेंझिनच्या कड्यांचं वेडंवाकडं जाळं आहे.

थोडा हिशेब मांडते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. गव्हाचं वाळलेलं काड १०० किलो घेतलं, तर त्यात साधारण ३८ किलो सेल्युलोज निघतो. तो पूर्ण फोडला, तर माळेच्या प्रत्येक जोडात पाण्याचा एक रेणू भरला जातो आणि ग्लुकोज भरतं ४२ किलो. प्रत्यक्षात पूर्ण कधीच फुटत नाही. तीन चतुर्थांश फुटला तर काम चांगलं झालं म्हणायचं. म्हणजे ३१ किलो. यातलं काही बुरशी स्वतःच्या वाढीला वापरते, काही श्वसनात जाळते. किलोमागे ७०० ग्रॅम आम्ल मिळालं असं धरलं, तर हाती येतं सुमारे २२ किलो. शंभराचे बावीस. वाईट नाही, पण उरलेल्या ७८ किलोंचं काय करायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून सोबत असतो.

या ३१ किलोंपर्यंत पोचणं हीच खरी चढण. काड आधी मोकळं करावं लागतं. एक रीत अशी: बंद पात्रात १८० ते २१० अंश सेल्सिअसची वाफ काही मिनिटं दाबाखाली द्यायची आणि मग झडप एकदम उघडायची. आतलं पाणी क्षणात फुगतं आणि तंतू फाटतात. बाहेर येतो तो तपकिरी, ओलसर, जळक्या गोडसर वासाचा लगदा. पहिल्यांदा तो हातात घेतला तेव्हा हे मघाशी कडकडीत काड होतं यावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या रीतीत सौम्य सल्फ्युरिक आम्ल वापरतात, तिसरीत अल्कली. प्रत्येकीची किंमत वेगळी, पण एक अडचण थोडीफार सगळीकडे येते. उष्णतेने आणि आम्लाने झायलोजचा काही भाग मोडून फरफ्युरल बनतं, हेमिसेल्युलोजपासून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि लिग्निनमधून फिनॉलची पिल्लं बाहेर पडतात. ही तिन्ही बुरशीला त्रास देतात. म्हणजे कुलूप तोडताना आपणच आतल्या धान्यात विष कालवतो. (फरफ्युरल हे स्वतः उपयोगी रसायन आहे. १९२२ पासून ओटच्या टरफलांपासून ते कारखान्यात बनवलं जातंय. त्यात बुरशीचा काही संबंध नाही, तिथे नुसतं आम्ल आणि वाफ. पण शेतातल्या उरल्यासुरल्यातून रसायन काढण्याचा तो फार जुना यशस्वी दाखला आहे, म्हणून सांगितलं.)

यानंतर सेल्युलोज फोडणारं सेल्युलेज हे एन्झाइम घालायचं, ५० अंशांच्या आसपास एक-दोन दिवस ठेवायचं, गाळायचं, विष उतरवायचं आणि मग कुठे बुरशीची पाळी येते. मळीच्या कारखान्यात यातलं काहीच करावं लागत नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. सायट्रिक ॲसिड हे काडासाठी पहिलं लक्ष्य म्हणून चुकीचं आहे. ते आधीच स्वस्त आहे आणि एका शतकाच्या सुधारणांनी घासूनपुसून लख्ख झालेलं आहे. त्याच्याशी स्पर्धा करायला गेलेले बरेच प्रकल्प प्रयोगशाळेतून बाहेर आले नाहीत, त्यातल्या दोनांत मी स्वतः होते. काडावर वाढवून बुरशीकडून एन्झाइमं घेणं, किंवा ज्याची गरज कमी पण मोल जास्त अशी आम्लं घेणं, यात मला जास्त दम दिसतो. त्याबद्दल पुढे येईलच.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सायट्रिक ॲसिड प्रत्येक पेशीत बनतं आणि तिथेच पुढच्या पायरीवर खर्ची पडतं. मग ही बुरशी ते इतक्या प्रमाणात बाहेर का टाकते? तिचा त्यात काय फायदा?

तुमच्या प्रश्नाने मला माझ्या पहिल्या वर्षाची आठवण झाली. मीही हेच विचारलं होतं आणि मला 'उतू जातं' एवढंच उत्तर मिळालं होतं.

उतू जातं हे खरं, पण भांडं कसं आणि केव्हा भरतं ते पाहायला हवं. १७८४ साली शील या रसायनतज्ज्ञाने लिंबाच्या रसातून या आम्लाचे स्फटिक वेगळे केले. नंतर शंभरहून जास्त वर्षं ते फळांमधूनच काढत. १८९३ मध्ये वेमर या जर्मन संशोधकाने दाखवलं, की साखरेच्या पाण्यावर वाढणारी एक बुरशीही ते बनवते. पण त्याच्या बुरश्यांवर आधारलेला धंदा टिकला नाही. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायजरवर काम करताना एक गोष्ट ओळखली: या बुरशीला भरपूर साखर द्या, नत्र मोजकं द्या आणि पाणी सुरुवातीपासूनच आंबट ठेवा. सामू (पीएच; जितका कमी तितकं पाणी आंबट) २.५ ते ३.५ असला तर बाकीचे बहुतेक जंतू त्यात तग धरत नाहीत, ही मात्र मजेत वाढते आणि आम्ल ओतते. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, फायझर कंपनीत त्यावर उत्पादन सुरू झालं.

नंतर कळलं ते त्याहून विलक्षण आहे. मँगनीज. टाकीतल्या द्रवात लिटरमागे मँगनीजचे काही मायक्रोग्रॅम जरी जास्त झाले, तरी आम्लाचा उतारा घसरतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मँगनीज मिळालं नाही, की बुरशीला प्रथिनं आणि पेशीची भिंत नीट बांधता येत नाही आणि वाढ अडते. पण साखर तर समोर अमाप आहे आणि साखर आत घेण्याचा मार्ग सताड उघडा आहे. साखर आत येत राहते, तिचं सायट्रेट, म्हणजे हेच आम्ल, होत राहतं, त्याचं नवीन पेशी बांधायला काही होत नाही, म्हणून ते बाहेर जातं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते एका फसलेल्या बॅचमुळे. त्या काळी मी एका कारखान्यात रात्रपाळीला असायचे. चांगल्या बॅचमध्ये बुरशी बारीक वाळूच्या कणांएवढ्या गोळ्या करून राहते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे तंतू आखूड, जाड आणि जागोजागी फुगलेले दिसतात. द्रव पातळ राहतो, हवा सहज खेळते. त्या रात्री ढवळणीच्या मोटरचा भार चढत चालला होता. नमुना काढला तर कागदाच्या लगद्यासारखा दाट. तंतू लांबसडक, सडपातळ, देखणे. इतकी निरोगी बुरशी मी आधी पाहिलीच नव्हती आणि आम्ल मात्र नेहमीच्या निम्म्यालाही पोचलं नव्हतं. पाच दिवस आम्ही साखर तपासली, बीजाणू तपासले, हवा तपासली. शेवटी एका फिटरने सांगितलं, की साखरेच्या आंबट पाण्याच्या नळीला दुरुस्तीत साध्या पोलादाचा वीतभर तुकडा जोडलाय. पोलादात मँगनीज असतं, आंबट पाण्याने ते थोडं थोडं विरघळत होतं. तुकडा बदलला, पुढची बॅच सुरळीत झाली. त्या फिटरचे मी आजही आभार मानते. आम्ही चौघं पदवीधर द्रवातच शोधत बसलो होतो.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग म्हणजे तिचा फायदा. निसर्गात अशी साखरेची टाकी तिला भेटत नाही. पण कुजक्या फळावर किंवा पाल्यावर थोडं आम्ल सोडलं, तरी आसपासचा सामू उतरतो आणि शेजारी जिवाणूंची वाढ खुंटते. शिवाय सायट्रेट लोहासारख्या धातूंना धरून ठेवतं, त्यामुळे ते शोषून घेणं सोपं होतं. म्हणजे पुंजी साठवताना शेजाऱ्याला दूर ठेवायचं, असा तिचा व्यवहार मानला जातो. मला हे स्पष्टीकरण पटतं.

आता हे काडाशी जोडून पाहा. वनस्पतीत मँगनीज असतंच, किलोमागे कित्येक मिलिग्रॅम. काड फोडलं की ते साखरेबरोबर द्रवात येतं. मायक्रोग्रॅमने बिघडणाऱ्या बॅचला मिलिग्रॅम मिळाले तर काय होईल? मळीतही धातू असतात म्हणून तिथे पोटॅशियम फेरोसायनाइड घालून ते खाली बसवतात. काडाच्या द्रवालाही असंच काही करावं लागतं. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात हे कारण मी मुद्दाम राखून ठेवलं होतं.

द्रवात एवढी कटकट असेल तर ओल्या भुश्शावर थेट बुरशी वाढवली तर? मी ट्रेमध्ये चोथा घेऊन प्रयोग करतोय. कडेला छान वाढते, मधे सडते.

मधे सडत नाही, मधे आधी भाजते. सड नंतर लागते.

ओल्या, पण पाणी निथळत नाही अशा पदार्थावर बुरशी वाढवण्याला घन किण्वन म्हणतात. बुरशीला हे द्रवापेक्षा जवळचं वाटतं, कारण ती मुळात पाल्यापाचोळ्यात राहणारी आहे. तंतू टोकाने वाढत कणांत घुसतात, एन्झाइमं तिथल्या तिथे सोडतात. जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तीही गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून स्टार्च फोडणारं एन्झाइम काढण्याची होती. कोंडा म्हणजे दळणातून उरलेला भाग. आज या विषयाला नवीन म्हणणाऱ्यांनी ते साल लक्षात ठेवावं. आणखी एक जमेची बाजू म्हणजे घन किण्वनात ॲस्परजिलस नायजर धातूंबाबत बरीच सोशीक होते. द्रवात जे मँगनीज घात करतं, ते इथे तितकं करत नाही.

पण उष्णता! तुमच्या ट्रेचा हिशेब करू. एक किलो ओला चोथा घेतला, त्यात ६५० ग्रॅम पाणी आहे असं समजू. त्यातली ५० ग्रॅम साखर बुरशीने पूर्ण जाळली तर सुमारे ७८० किलोज्यूल उष्णता सुटते. ती सगळी पाण्याच्या वाफेवाटेच घालवायची झाली, तर साधारण ३२५ ग्रॅम पाणी उडून जाईल. म्हणजे निम्मं. नाही उडालं, तर तापमान चढणार. आणि चोथा हा उष्णता वाहून नेण्यात अगदी मठ्ठ. त्यात सगळ्या फटींमध्ये हवा भरलेली असते. बुरशीला ३० अंश मानवतात. चाळिशीच्या पुढे ती मंदावते, ४५ च्या पुढे मरायला लागते. मग तिथे उष्णता सोसणारे जिवाणू आयता ओलावा आणि अर्धवट फुटलेली साखर यांवर ताबा घेतात. तुम्हाला जो चिकट, घाण वासाचा गाभा दिसतो तो हाच.

माझ्याही हातून हे झालंय. उत्साहाच्या भरात मी ट्रेमध्ये १२ सेंटिमीटर जाडीचा थर दिला होता. जास्त माल, जास्त एन्झाइम असा माझा हिशेब. तिसऱ्या दिवशी वर पांढरीशुभ्र साय, बघून सगळे खूश. मी मधोमध तापमापी खुपसली आणि पारा ५२ वर गेला. सगळे ट्रे टाकून द्यावे लागले.

म्हणून थर तीन-चार सेंटिमीटरचाच ठेवा. ट्रेला तळाशी छिद्रं हवीत. ओल्या हवेचा झोत द्या, कोरड्या हवेने थंड होईल पण पाणीही जाईल. पहिले १८ ते २० तास काही होत नाही असं वाटतं, खरी उष्णता नंतर एकदम येते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रात्री ट्रे सोडून घरी जाऊ नका. मधे एकदा हलक्या हाताने चाळवलं तर चालतं, पण पुन्हा पुन्हा नाही, तंतू तुटतात. आणि चोथ्यात नत्र फारच कमी असतं, कार्बनच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. कोंडा मिसळलात तर नत्रही मिळेल आणि सुरुवातीला पचायला सोपं अन्नही.

मोठ्या प्रमाणावर हीच अडचण अनेक पटींनी वाढते. माझ्या ट्रेमधला प्रश्न शंभर टनांच्या ढिगाऱ्यात सोडवणं हे यंत्र अभियंत्याचं काम आहे, सूक्ष्मजीवतज्ज्ञाचं नाही. हे मान्य करायला आमच्या लोकांना फार वेळ लागतो.

लष्कराच्या तंबूंना कीड लावणाऱ्या बुरशीपासून आजचं एन्झाइम आलं असं आमच्या बाईंनी सांगितलं. हे खरं का? (इयत्ता नववी)

अगदी खरं, आणि तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. फक्त 'कीड' हा शब्द बदलून 'बुरशी' म्हणू या.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कापडी सामान फार लवकर कुजायचं. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. कशामुळे कुजतंय ते शोधताना हजारो बुरश्या गोळा झाल्या. त्यातल्या एकीला क्यूएम ६ ए असा क्रमांक मिळाला. एल्विन रीझ आणि त्यांचे सहकारी ती अभ्यासत बसले आणि ती सेल्युलोज फोडणारी एन्झाइमं ढिगाने बाहेर सोडते हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे तिला रीझ यांच्याच नावावरून ट्रायकोडर्मा रीझी म्हणू लागले. आधी तिला थांबवायचं कसं हा प्रश्न होता, मग तिच्याकडून जास्त काम कसं करून घ्यायचं हा झाला. जगभरच्या कारखान्यांत हे एन्झाइम देणारे ट्रायकोडर्मा रीझीचे वाण त्या एकाच बुरशीचे वंशज आहेत. निवड करत करत आज त्यातले काही वाण लिटरमागे १०० ग्रॅमपर्यंत प्रथिन बाहेर सोडतात.

तुला आवडेल अशी अजून एक गोष्ट. २००८ मध्ये तिची सगळी जनुकं वाचून झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, की सेल्युलोज फोडायची जनुकं तिच्यात खच्चून भरलेली असतील. निघाली ती इतर कित्येक बुरश्यांपेक्षा कमी. थोड्याच हत्यारांनी ती एवढं काम करते. मोठी झालीस की त्याचं कारण शोधणाऱ्यांत तू असावंस.

सायट्रिक सोडून दुसरं काय काय मिळू शकतं? लिग्निनचं काहीच होत नाही का?

मघाशी म्हटलं तो दम इथे आहे. माझं आवडतं नाव इटाकॉनिक ॲसिड. ॲस्परजिलस टेरियस ही बुरशी ते बनवते. त्याच्या रेणूत एक दुहेरी बंध असतो, त्यामुळे त्यापासून रेझिन आणि रंग-लेपांसाठी लागणारी पॉलिमर बनवता येतात, म्हणजे आज खनिज तेलातून येणाऱ्या काही मालाची जागा ते घेऊ शकतं. एक किलो ग्लुकोजपासून तत्त्वतः ७२० ग्रॅम मिळायला हवं, त्याहून जास्त नाही, कारण एक कार्बन वायू होऊन उडतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वनस्पतीतल्या साखरेपासून बनवण्याजोगी १२ मूलभूत रसायनं निवडली, त्यात हे होतं आणि फ्युमॅरिक व मॅलिक आम्लंही होती. पण टेरियस नायजरपेक्षाही नाजूक. मक्याच्या कणसावर काणी हा रोग आणणारी बुरशीही इटाकॉनिक बनवते आणि ती एकेकट्या पेशींनी, यीस्टसारखी वाढते, त्यामुळे द्रव दाट होत नाही. पिकाचं नुकसान करणारी बुरशी पिकाच्याच काडावर कामाला लावायची, हा विचार मला फार भावतो.

रायझोपस ओरायझीकडून लॅक्टिक आम्ल मिळतं आणि त्यापासून पॉलिलॅक्टिक ॲसिड हे कुजणारं प्लास्टिक. ही बुरशी झायलोजही वापरते, सावकाश का होईना. काडातल्या साखरेचा तिसरा हिस्सा झायलोजचा असल्याने हा गुण मोलाचा आहे.

लिग्निनचं म्हणाल तर ते मोडू शकणारे जीव निसर्गात थोडे आणि त्यांत श्वेतकूज बुरश्या सगळ्यांत पुढे. लाकूड पांढरं पडून भुसभुशीत होतं ते यांच्यामुळे. त्यांचं एक मुख्य हत्यार, लिग्निन पेरॉक्सिडेज, १९८३ मध्ये सापडलं. वाफ आणि आम्लाऐवजी यांनाच काड मोकळं करायला का लावू नये? लावतात, आणि होतंही. फक्त आठवडे लागतात आणि मजुरी म्हणून बुरशी साखरही खाते.

हेमिसेल्युलोजला लिग्निनशी जोडणारं फेरुलिक आम्ल मात्र सुटं करता येतं. मक्याच्या कोंड्यात ते बरंच असतं. १९९० च्या दशकात फ्रेंच संशोधकांनी एक सुंदर जोडगोळी जमवली: ॲस्परजिलस नायजरने फेरुलिकचं व्हॅनिलिक आम्ल करायचं आणि पिक्नोपोरस सिनाबरिनस या केशरी रंगाच्या श्वेतकूज बुरशीने त्याचं व्हॅनिलिन. व्हॅनिलाचा वास, कोंड्यातून. मी तो निबंध वाचला त्या दिवशी दुपारी कामच केलं नाही, सहकाऱ्यांना वाचून दाखवत फिरले.

घरच्या घरी बादलीत करून बघू का?

नको. उघड्या काडावर जी हिरवी-पिवळी बुरशी आपोआप येते ती ॲस्परजिलस फ्लेव्हस असू शकते. तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिनने यकृताचा कर्करोग होतो. नुसत्या डोळ्यांनी ती ओळखता येईल असं समजू नका. वाळलेल्या बुरशीचे बीजाणू फुफ्फुसात गेले तर दम्याच्या रुग्णांना तर फारच वाईट. आम्हीसुद्धा ट्रे उघडताना मुखपट्टी लावतो आणि हवा ओढून घेणाऱ्या कपाटात काम करतो. हौस असेल तर धिंगरी अळिंबीचं तयार बियाणं आणून उकळून निथळलेल्या काडावर लावा. तीही श्वेतकूज बुरशीच आहे. ती काड कसं पोखरते ते रोज पाहा. फक्त तिचे बीजाणू सुटण्याआधी छत्र्या काढून घ्या आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

सगळं काड कारखान्यात गेलं तर जमिनीला काय उरणार?

हा प्रश्न एका शेतकरी भगिनीने पाठवलाय. इतक्या पत्रांत हा एकच असा होता आणि आमच्या प्रकल्प-अहवालांत तो मी क्वचितच पाहिला.

सगळं नेऊ नयेच. काडात पालाश असतं, भाताच्या पेंढ्यात सिलिकाही खूप असतं आणि जमिनीतल्या जीवांना लागणारा कार्बन तर असतोच. वर आच्छादन असलं की पाऊस माती वाहून नेत नाही. किती उचलावं याला एकच आकडा नाही. उतार, माती, नांगरट, पाऊस यांवर ते ठरतं. उतारावरच्या हलक्या जमिनीतून मी काडीही उचलू देणार नाही. जिथे काड इतकं होतं, की पुढच्या पेरणीआधी कुजत नाही आणि नाइलाजाने जाळलं जातं, तिथलंच उचलावं. जाळल्याने कार्बन आणि नत्र दोन्ही धुरात जातात, म्हणजे जमिनीला त्यातलं तसंही काही मिळत नाही.

आणि कारखान्यातून काय परत येतं ते नेमकं विचारा, ताई. शंभर किलोंतले जे ७८ मी वर सोडून दिले होते, त्यांत लिग्निनचा चोथा आहे. तो बहुतेक ठिकाणी बॉयलरमध्ये जाळतात. वापरून झालेली बुरशी आहे, तिच्यात नत्र काडापेक्षा कितीतरी जास्त. द्रवातून सायट्रिक वेगळं काढताना चुना आणि मग सल्फ्युरिक आम्ल वापरतात, त्यातून किलोभर आम्लामागे सव्वा किलोहून जास्त जिप्सम उरतं. मेलेली बुरशी आणि राख शेतात परत येऊ शकतात, त्यात नको ते धातू नाहीत अशी तपासणी करूनच. जिप्समही काही चोपण जमिनींना चालतं, पण तुमची माती तपासून घेतल्याशिवाय एक पाटीही घेऊ नका. काड देण्याचा करार कुणी पुढे केला, तर किती गाड्या जाणार याच्या शेजारच्या ओळीत किती गाड्या परत येणार हे लिहून मागा. तो कागद हातात आला की मला त्याची नक्कल पाठवा, मी वाचून कळवेन.